व्हॅक्यूम व्हेसलच्या लेव्हलला रिमोट सील: कंपनी नंतर बघा, आधी आतलं तेल बघा

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे तो एवढं वाचून परचेसला मेल टाकायला मोकळा. व्हेसल गरम असेल आणि आत खोल व्हॅक्यूम असेल तर लेव्हल मोजायला सिलिकॉन ७०४ तेल भरलेली, पूर्ण वेल्डेड, तीन इंची डायफ्रामवाली रिमोट सील (नोझलवरचा डायफ्राम आणि तिथून ट्रान्समीटरपर्यंत तेलाची बारीक नळी) घ्या, ट्रान्समीटर खालच्या नोझलच्या एक मीटर खाली लावा, आणि रोझमाउंट चांगलं की योकोगावा हा वाद मग निवांत चहा पिताना घाला. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो डिलिव्हरीसाठी आणि दुपारच्या उन्हासाठी, त्याबद्दल पुढे येतंच.

मी इन्स्ट्रुमेंटवाला, प्लांट मुंबईच्या केमिकल पट्ट्यातला, नाव सांगायची गरज नाही. आमच्याकडे फॅटी ॲसिडचं डिस्टिलेशन चालतं. कॉलमच्या बॉटमला २२० डिग्रीच्या आसपास तापमान, वर स्टीम इजेक्टर लावून साधारण १० एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर) ॲब्सोल्यूट, म्हणजे पूर्ण पोकळीपासून मोजलेला, व्हॅक्यूम, आणि लेव्हलच्या दोन नोझलमधलं अंतर चार मीटर. म्हणजे लेव्हल मोजायला त्रासदायक जे जे असतं ते सगळं एका ठिकाणी.

कोणीतरी विचारणारच की एवढा खर्च कशाला, साधा डीपी (दोन ठिकाणच्या दाबातला फरक मोजणारा) ट्रान्समीटर आणि दोन इम्पल्स लाइन, म्हणजे दाब नेणाऱ्या बारीक नळ्या, टाका की. टाका हो. स्टिअरिक ॲसिड ६९ डिग्रीच्या आसपास गोठतं, त्यामुळे ट्रेसिंग (लाइन गरम ठेवायची व्यवस्था) जरा कुठे गार पडलं की लाइन जाम. वरच्या बाजूला वेट लेग, म्हणजे द्रव भरलेली नळी, ठेवला तर व्हॅक्यूममध्ये तो हळूहळू उडून जातो आणि लेव्हल आपोआप "वाढायला" लागते. ड्राय लेग, म्हणजे रिकामी नळी, ठेवला तर त्यात वाफ थंड होऊन साचते आणि लेव्हल "कमी" होते. दोन्हीकडून बोंब, आणि शिफ्टवाला रोज वर चढून ड्रेन करणार असेल अशी आशा कोणी ठेवू नये. म्हणून रिमोट सील. भांड्याच्या नोझलवर पातळ धातूचा डायफ्राम, त्याच्या मागे तेल, तेलाची बारीक कॅपिलरी ट्रान्समीटरपर्यंत, प्रोसेसचा माल आत येतच नाही. कल्पना एकदम सरळ आहे. गोंधळ सगळा त्या तेलात आहे.

आमच्याकडे आधी जी सिस्टीम होती ती प्रोजेक्टच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरने पॅकेजमध्ये दिलेली. दोन इंची सील, साधं सिलिकॉन २०० तेल, दोन्ही बाजूला सारख्या लांबीच्या कॅपिलरी, आणि ट्रान्समीटर मस्त प्लॅटफॉर्मवर डोळ्यासमोर, म्हणजे डिस्प्ले वाचायला सोपा. कागदावर काही चूक दिसत नव्हती कारण त्या तेलाची कॅटलॉगमधली मर्यादा २०५ डिग्री आणि कोणीतरी हिशोब केला असणार की नोझलपाशी थोडं गारच असतं. पण तो २०५ चा आकडा वातावरणाच्या दाबाला आहे! व्हॅक्यूममध्ये कुठलंही द्रव लवकर उकळतं हे आपण शाळेत शिकलो आणि डेटाशीट भरताना विसरलो. १० एमएमएचजीला हेच तेल २०५ च्या कितीतरी आधी वाफ सोडायला लागतं, नेमकं कुठे ते कंपनीच्या व्हेपर प्रेशर कर्व्हवर बघायचं. त्या कर्व्हचं पान सेल्सवाला स्वतःहून कधी देत नाही, मागावं लागतं.

आता वाफ झाली की काय होतं ते नीट समजून घ्या कारण लक्षणं फसवी असतात. दोन्ही सीलपैकी वरचं सील सगळ्यात आधी बिघडतं, कारण खालच्या सीलवर निदान लिक्विडचा दाब असतो, वरच्यावर काहीच नाही. आत तेलाची वाफ झाली की डायफ्राम तव्यावरच्या पोळीसारखा फुगतो, आणि पूर्ण ताणला गेल्यावर तोच उलटा आतल्या तेलाला दाबून धरतो. वरचं सील ट्रान्समीटरच्या एलपी (कमी दाबाच्या) साइडला जोडलेलं, म्हणजे एलपीला खोटा दाब, म्हणजे डीपी कमी, म्हणजे पॅनेलवर लेव्हल कमी. कंट्रोलर बिचारा लेव्हल कमी आहे समजून बॉटम पंपाचा व्हॉल्व्ह बंद करत जातो आणि भांडं मात्र भरत जातं. गेज ग्लास काळा झालेला असतो त्यामुळे तिकडून मदत नाही. पॅनेलवाल्याला कळतं तेव्हा लिक्विड वाफेच्या नोझलपर्यंत चढलेलं असतं आणि कॉलमचा डीपी नाचायला लागलेला असतो.

आणि खरी गंमत तर पुढे. व्हॅक्यूम तोडला, भांडं गार झालं की वाफ परत तेल होते, डायफ्राम जागेवर, रीडिंग एकदम बरोबर. सील काढून बेंचवर न्या, कॅलिब्रेट करा, पास. त्यामुळे सगळे ट्रान्समीटरवर घसरतात, कार्ड बदला, केबल बदला, अर्थिंग बघा, डीसीएसचं (कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटर सिस्टीमचं) कार्ड बघा. आमच्या मेंटेनन्समधल्या एका जुन्या मामांनी फक्त एवढंच विचारलं की "साहेब, हे फक्त व्हॅक्यूम लागल्यावरच का येतं?" आणि मग दिशा बदलली. असं बऱ्याच वेळा झालं की डायफ्राम कायमचा सैल पडतो, मग मात्र बेंचवरही झिरो सरकलेला दिसतो, पण तोपर्यंत बरंच उशीर झालेला असतो.

तर तेल. ७०४ हे मुळात डिफ्यूजन पंपाचं तेल आहे, म्हणजे व्हॅक्यूम तयार करणाऱ्या पंपात उकळवायला बनवलेलं, त्यामुळे त्याचा व्हेपर प्रेशर फारच कमी. ०.५ टॉरला, म्हणजे अर्ध्या एमएमएचजीला ते साधारण २१५ डिग्रीला उकळतं. आमचा व्हॅक्यूम १० चा, तापमान २२०, म्हणजे बऱ्यापैकी जागा शिल्लक आहे. ७०५ त्याच्याही पुढचं, तेवढ्याच दाबाला साधारण २४५. मग ७०५ च का नको? कारण ते जाड आहे. २५ डिग्रीला ७०४ ची व्हिस्कॉसिटी ४० सेंटीस्टोकच्या आसपास, ७०५ ची १७५ च्या आसपास, आणि साधं २०० तेल दहाच्या आतबाहेर. बारीक कॅपिलरीतून १७५ वालं तेल सरकायला वेळ लागतो, रीडिंग आळशी होतं, आणि कॅटलॉगमध्ये त्याची खालची मर्यादाच साधारण २० डिग्री दिलेली असते. मुंबईत थंडी नाही म्हणून हसू नका, जानेवारीच्या पहाटे उघड्या स्ट्रक्चरवर २० च्या खाली सहज जातं. ट्रेसिंग करायची तयारी असेल आणि तापमान खरंच २५०, ३०० कडे असेल तर ७०५ घ्या, नाहीतर ७०४ पुरे. ७०४ ची खालची मर्यादा शून्याच्या आसपास, ती मुंबईत कधी आडवी येणार नाही.

ग्लिसरीन पाण्याचं मिश्रण, फूडवाले वापरतात ते, व्हॅक्यूमला बिलकुल नाही, त्यात पाणी आहे हे नावातच लिहिलंय तरी फार्मा आणि फूडच्या डेटाशीटमध्ये व्हॅक्यूम इव्हॅपोरेटरला हे भरलेलं बघितलंय मी. फूड ग्रेड पाहिजेच असेल तर निओबी नावाचं तेल वगैरे असतं पण त्याचीही व्हॅक्यूमची मर्यादा आधी विचारा. ऑक्सिजन किंवा क्लोरीनची सर्व्हिस असेल तर हॅलोकार्बन तेल, तो विषय वेगळा, इथे नको.

आता ट्रान्समीटर कुठे लावायचा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. प्रेशर सर्व्हिसला ट्रान्समीटर वर खाली कुठेही लावा, फरक पडत नाही, कारण दोन्ही लेगमध्ये तेवढाच हेड येतो आणि डीपीत तो कटतो. व्हॅक्यूमला मात्र फरक पडतो, आणि का ते आकड्यांनी बघा. भांडं रिकामं आहे, आत १० एमएमएचजी. ट्रान्समीटर खालच्या नोझलच्या फक्त ३० सेंटीमीटर वर लावलाय. ७०४ ची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०७, म्हणजे ३०० एमएम तेल म्हणजे ३२१ एमएम वॉटर, म्हणजे साधारण २४ एमएमएचजी. आता १० मधून २४ वजा करा. उणे येतं. ॲब्सोल्यूट प्रेशर उणे असूच शकत नाही, म्हणजे तिथे तेलाचा खांब तुटणार आणि ट्रान्समीटरच्या तोंडाशी पोकळी होणार, मग तेल ७०४ असो नाहीतर सोन्याचं असो. उलट एक मीटर खाली लावला तर १०७० एमएम वॉटर, म्हणजे ७९ च्या आसपास एमएमएचजी उलट मिळतो, १० अधिक ७९ म्हणजे ८९, आणि भांड्यात कितीही खोल व्हॅक्यूम गेला तरी ट्रान्समीटरला ७९ तरी मिळणारच. एका स्टँड पाइपचा खर्च आहे हा. डिस्प्ले वाचायला वाकावं लागतं म्हणून ऑपरेशनवाले कुरकुर करतात, त्यांना रिमोट इंडिकेटर द्या आणि विषय संपवा.

वेल्डेड का, तर प्रेशरमध्ये लीक झाली की तेल बाहेर येतं आणि दिसतं. व्हॅक्यूममध्ये लीक झाली की हवा आत जाते आणि दिसत नाही. वातावरणाच्या दाबाला कॅपिलरीत हवेचा एक छोटासा बुडबुडा असेल तर १० एमएमएचजीला तो ७६ पट होतो, साधा बॉइलचा नियम. थ्रेडेड अडॅप्टर, टेफ्लॉन टेप, गॅस्केटवाला सील बॉडी, ट्रान्समीटरच्या फ्लँजवरची ओ रिंग, हे सगळे रस्ते आहेत हवेचे. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा, सीलपासून ट्रान्समीटरच्या सेन्सरपर्यंत पूर्ण वेल्डेड, तेल व्हॅक्यूममध्ये डीगॅस करून, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढून, भरलेलं, आणि हीलियम लीक टेस्टचं सर्टिफिकेट. "व्हॅक्यूम सर्व्हिस" एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो.

डायफ्रामच्या साइजवर परचेस नेहमी कात्री चालवतं कारण दोन इंचीचा फ्लँज स्वस्त. पण छोटा डायफ्राम ताठ असतो. तेल तापून थोडं फुगलं की मोठा डायफ्राम सहज सरकतो आणि ती वाढ पोटात घेतो, छोटा अडतो आणि तेवढा दाब तयार करतो, म्हणजे एरर. तीन इंची घ्या, नोझलच छोटं असेल तर तसं नोझल बदलायची वेळ शटडाउनमध्येच काढा. मटेरियल आम्ही ३१६एल स्टेनलेसच ठेवलं, गरम फॅटी ॲसिडला ते आमच्याकडे टिकलंय. तुमच्याकडे क्लोराइड वगैरे असेल तर हॅस्टेलॉय सी-२७६ विचारा, आणि हायड्रोजन असेल तर सोन्याचा मुलामा, कारण हायड्रोजन डायफ्राममधून आरपार जाऊन तेलात बसतो आणि व्हॅक्यूम लागला की परत तोच फुगण्याचा खेळ.

आता अर्ध्या मार्काचं ऊन. दोन कॅपिलरी, एक वरच्या सीलला जाणारी आणि ती खालच्या नोझलच्या वर उभी चार मीटर. त्यातल्या तेलाचं वजन डीपीतून कायम वजा होत असतं, आमच्या केसमध्ये ४२८० एमएम वॉटर. तेल तापलं की हलकं होतं, डिग्रीला हजारात एकाच्या जवळपास. पहाटेपासून दुपारपर्यंत कॅपिलरी १५ डिग्रीने तापली, पश्चिमेच्या बाजूला ऑक्टोबरमध्ये ती तेवढी आरामात तापते, तर ६० एमएमच्या आसपास फरक. आमचा स्पॅन (रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंतचा फरक) ३१२० एमएम, म्हणजे दोन टक्के. म्हणून दुपारी चारला लेव्हल जरा वर दिसते आणि रात्री परत खाली, आणि नवीन शिफ्ट इंजिनिअर त्यावर लॉगबुकमध्ये निबंध लिहितो. पावसाळ्यात उलटं, एक सर आली की पाच मिनिटांत रीडिंग हलतं.

इथे एक गैरसमज सगळीकडे आहे, मोठ्या मोठ्या कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये सुद्धा, की दोन्ही बाजूला सारखं सील आणि सारखी लांबी घेतली की टेम्परेचरचा इफेक्ट कटतो. अर्धाच कटतो. तेल फुगून डायफ्रामवर जो दाब येतो तो दोन्ही बाजूला सारखा म्हणून तो गेला. पण उभ्या लेगमधलं तेल हलकं होण्याचा इफेक्ट तसाच उरतो, त्याच्या विरुद्ध आता काहीच नाही. म्हणून हल्ली कंपन्या एचपी (जास्त दाबाच्या) साइडला सील थेट ट्रान्समीटरवर आणि फक्त एलपी साइडला कॅपिलरी अशी लंगडी सिस्टीम सुचवतात, रोझमाउंट त्याला ट्यून्ड सिस्टीम म्हणतं. त्यात एलपी साइडचं तेल तापून फुगलं की एलपीचा दाब वाढतो आणि त्याच वेळी खांब हलका झाला म्हणून एलपीचा दाब कमी होतो, दोन एरर एकमेकांना खातात. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी. शिवाय एक कॅपिलरी वाचते. साध्या स्टोरेज टँकला, कमी व्हॅक्यूमला मी डोळे झाकून हीच घेईन.

पण खोल व्हॅक्यूमला तसं डोळे झाकून नको, कारण थेट नोझलवर बसवला म्हणजे ट्रान्समीटर नोझलच्याच लेव्हलला आला, तो एक मीटर खाली असल्याचा फायदा गेला, आणि वर २२० डिग्रीचं नोझल त्याला भाजणार, मग थर्मल एक्स्टेंशन घ्या. म्हणून आम्ही दोन कॅपिलरीच घेतल्या, जमेल तितक्या आखूड, दोन्ही एकाच ट्रेमधून एकत्र नेल्या, वर पत्र्याचं कव्हर टाकलं आणि उरलेली गुंडाळी सावलीत बांधली. तरी ऊन थोडं लागतंच. दोन टक्क्यांवरून बरंच खाली आलंय, शून्य झालेलं नाही. कॅपिलरीचं आर्मर पीव्हीसी कोटेड घ्या, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधं आर्मर दोन पावसात डाग धरतं, फक्त गरम भिंतीला टेकवू नका.

रेंजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण यात लोक नेहमी अडकतात. आमच्या भांड्यात गरम मालाची घनता ०.७८ धरली. रिकाम्याला उणे ४२८०, भरलेल्याला ३१२० उणे ४२८० म्हणजे उणे ११६० एमएम वॉटर. दोन्ही आकडे उणेच, नवीन मुलं घाबरतात, घाबरू नका, असंच असतं. पण समजा नोझलमधलं अंतर सहा मीटर असतं. मग ७०४ ला रिकाम्याचा आकडा उणे ६४२० येतो. रोझमाउंट ३०५१ ची रेंज २ ही २५० इंच वॉटरपर्यंत, म्हणजे ६३५० एमएम. बसत नाही! सत्तर एमएमसाठी बाहेर. साध्या २०० तेलाची ग्रॅव्हिटी ०.९३, त्याला उणे ५५८० येऊन तोच ट्रान्समीटर आरामात बसला असता. म्हणजे तेल बदललं की रेंज परत तपासा, नाहीतर माल हातात आल्यावर एलआरव्ही (रेंजचा खालचा आकडा) एंटर होत नाही आणि कम्युनिकेटर नुसता एरर दाखवतो. योकोगावाच्या ईजेएक्स११८ए मध्ये एम कॅप्सूल १०० केपीएपर्यंत (साधारण १०२०० एमएम वॉटर) असल्यामुळे हा त्रास सहा मीटरला येत नाही, दहा मीटरला येईल.

कंपन्यांचं म्हणाल तर रोझमाउंटचं ११९९ सील आणि ३०५१एस, योकोगावाचा ईजेएक्स११८ए, एंड्रेस हाउजरचा डेल्टाबार, आणि नुसती सील पाहिजे असतील तर विका, यातलं कुठलंही नीट स्पेसिफिकेशन देऊन मागवलं तर काम करणार. फरक मला कागदपत्रात जास्त दिसतो. चांगला सप्लायर तुमच्याकडून सर्वात कमी ॲब्सोल्यूट प्रेशर, त्याच वेळचं सर्वात जास्त तापमान, ॲम्बियंटची रेंज, कॅपिलरीची लांबी असं सगळं घेतो आणि एररचं कॅल्क्युलेशन करून पाठवतो. जो फक्त "फ्लँज साइज आणि रेंज द्या सर" म्हणतो त्याच्याकडून पाण्याच्या टाकीचा माल घ्या. "त्याच वेळचं" हा शब्द महत्त्वाचा. स्टीम आउट करताना तापमान असतं पण व्हॅक्यूम नसतो, नुसता व्हॅक्यूम टेस्ट करताना व्हॅक्यूम असतो पण भांडं गार. डेटाशीटमध्ये दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यात पडले की कोणालाच कळत नाही की दोन्ही एकत्र येतात की नाही.

कॅपिलरीच नको अशी एक जात आहे, दोन वेगळे सेन्सर, वर एक खाली एक, मध्ये फक्त केबल, वजाबाकी इलेक्ट्रॉनिक्स करतं. रोझमाउंटचा ३०५१एस ईआरएस आणि एंड्रेस हाउजरचे एफएमडी७१, एफएमडी७२ हे त्यातले. सेल्सवाले याला सगळ्या रोगांवर औषध म्हणून विकतात. उन्हाचा त्रास जातो हे खरं, उंच कॉलमला छान, लावायला सोपं. पण २२० डिग्रीला सेन्सर थेट लावता येत नाही, म्हणजे प्रत्येक सेन्सरसमोर सील आलंच, म्हणजे तेल आलंच, म्हणजे तेलाच्या वाफेचा प्रश्न जिथे होता तिथेच, फक्त दोन ठिकाणी. मात्र तापमान १५० च्या आत असेल तर एफएमडी७१ ची गोष्ट वेगळी, त्याचा सेन्सर सिरॅमिकचा आणि कोरडा, आत तेलच नाही, मग उकळणार काय! सॉल्व्हंट रिकव्हरी, व्हॅक्यूम ड्रायरचा रिसीव्हर, अशा ठिकाणी मी आता पहिला हाच विचारतो.

गाइडेड वेव्ह रडार (प्रोबवरून लहर सोडून लेव्हल मोजणारा) का नाही असं विचाराल तर अजिबात वाईट नाही, व्हॅक्यूमचं त्याला काही वाटत नाही, पण फॅटी ॲसिडचा डायइलेक्ट्रिक कमी, प्रोबवर चिकटतं आणि आमच्याकडे फेस होतो. स्वच्छ मालाला जरूर बघा. न्यूक्लिऑनिक (किरणोत्सारी सोर्सवाला) गेज सगळ्यात बिनघोर, भांड्याच्या बाहेरूनच, पण एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स, सेफ्टी ऑफिसर, सोर्सचा हिशोब. एईआरबीचं ऑफिस अणुशक्तीनगरला, आपल्या इतकं जवळ आहे म्हणून कागद कमी होत नाहीत.

शेवटी रिफिलिंगवाले, कारण हा प्रश्न मला हमखास येतो. अंधेरी एमआयडीसीच्या बाजूला आणि ठाण्याकडे जुन्या सीलमध्ये तेल परत भरून देणारी छोटी वर्कशॉप आहेत. नव्याच्या मानाने खर्च फारच कमी, आणि माणसं मेहनती. एका ठिकाणी मी विचारलं, "भाऊ, तेल कुठलं भरता?" "सिलिकॉन, साहेब." "कुठलं सिलिकॉन?" "चांगलं असतं साहेब, इम्पोर्टेड." व्हॅक्यूमखाली डीगॅस करता का विचारल्यावर त्यांनी मला एक हँड पंप दाखवला. कूलिंग वॉटरचा टँक, साध्या प्रेशरची लाइन, तिथे मी त्यांच्याकडून करून घेतो आणि चालतं, तक्रार नाही, त्या कामाला पाचपैकी चार देईन. व्हॅक्यूमच्या सीलला मात्र त्यांना हात लावू देत नाही. ज्यांच्याकडे डीगॅसिंगचा चेंबर आहे, तेलाचा बॅच नंबर देतात आणि लीक टेस्ट करून देतात अशी मंडळीही आहेत, दर जास्त असतो आणि तो योग्य असतो.

बसवताना फिटरला दोनच गोष्टी बजावा, ट्रान्समीटर कॅपिलरीला धरून उचलायचा नाही आणि डायफ्रामला बोट लावायचं नाही, ते संरक्षक झाकण नोझलवर चढवायच्या क्षणी काढायचं. गॅस्केटचा आतला व्यास डायफ्रामपेक्षा मोठा पाहिजे, नाहीतर बोल्ट आवळताना गॅस्केट डायफ्रामवर चढतं आणि झिरो गेला. झिरो ट्रिम बेंचवर नाही, जागेवर बसवून, भांडं रिकामं आणि वातावरणाला उघडं असताना.

डिलिव्हरीचं म्हणाल तर ७०४ आणि पूर्ण वेल्डेड म्हटलं की शेल्फवर काही मिळत नाही, प्रत्येक ऑर्डर नव्याने बनते, आणि आमच्याकडे ठरलेल्या तारखेला माल आला नाही, शटडाउन संपत आला तरी स्टोअरवाला गेटवर फोन करत होता. त्यामुळे शटडाउनच्या तीन चार महिने आधी ऑर्डर सोडा, आणि स्पेअर घेणार असाल तर तेव्हाच एकत्र घ्या, दोन भांड्यांच्या कॅपिलरी एकाच लांबीच्या करून घेतल्या तर एकच स्पेअर दोन्हीला चालतो. आमचं पुढचं काम इजेक्टरच्या खालच्या सीलपॉटचं आहे, तिथे तापमान ६० च्या वर जात नाही, तिथे सिरॅमिकवाला टाकतोय.